कर्णरेषेची लांबी

इस्पितळाचं आवार अगदी चौरस होतं. एकेक बाजू शंभर मीटर. एका कोपऱ्यात फाटक, आणि तिरक्या कोपऱ्यात तातडीच्या उपचारांचा विभाग. गाड्या फाटकाबाहेरच थांबत. तेव्हा हिरवळीतून तिरका रस्ता काढावा असं नगर कार्यालयात ठरलं आणि लांबी काढायचं काम ओव्हरसिअरकडे आलं.

त्याच्या आईने जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. त्या संस्कारांना जागून त्याने लिहिलं, शंभर गुणिले दोनचं वर्गमूळ.

साहेबांनी उत्तर पूर्ण लिहून मागितलं. त्याने समजावलं की ही अपरिमेय संख्या आहे. अपूर्णांकात मांडता येत नाही, दशांश चिन्हापुढचे अंक संपत नाहीत आणि ठरावीक क्रमाने परतही येत नाहीत. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अंक संपेपर्यंत त्याला लिहायला बसवलं.

शेवटी वैतागून त्याने १४१.४२ लिहून दिलं. तपासनिसाने आकड्याचा वर्ग केला, तो वीस हजारांपेक्षा किंचित कमी भरला. बांधण्यापूर्वीच रस्त्याचा काही भाग गहाळ झाल्याचा शेरा पडला. ओव्हरसिअरच्या खुलाशात पुन्हा तोच शब्द आला, तेव्हा साहेबांनी शब्दकोश उघडला.

"अपरिमेय म्हणजे मोजता न येणारं," ते म्हणाले. "जे मोजता येत नाही ते मंजूर कसं करणार? आणि नामंजूर वाटेवरून लोकांना चालू कसं देणार?"

टेप धरली की लांबी दोन टोकांत नीट बसते, हे ओव्हरसिअरच्या ओठांवर आलं होतं. पण बढती तोंडावर होती. त्याने मान डोलावली.

हिरवळीला तारेचं कुंपण पडलं. दोन कडांनी दोनशे मीटरचा, शुद्ध परिमेय रस्ता झाला.

पुढे एका सकाळी त्याच्या आईलाच अर्धांगवायूचा झटका आला. स्ट्रेचर कडेकडेने निघालं आणि कोपऱ्यावर चादरींच्या ढकलगाड्या, खुर्च्या, नातेवाईक यांच्या कोंडीत अडकलं.

"सरळ का नेत नाहीस?" आईने जड जिभेने विचारलं.

"त्या वाटेचा आकडा संपत नाही, आई."

"आकडा नाही संपत रे. वाट संपते. तो काय समोर दरवाजा."

आई वाचली. जरा आधी आणलं असतं तर उजवा हातही वाचला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ओव्हरसिअरने पक्कड आणली आणि भरदिवसा कुंपण कापून आडवं केलं. कोणी अडवलं नाही. कोणी तिकडून गेलंही नाही.

परवा तुम्ही त्याच इस्पितळात शेजाऱ्यांना बघायला गेला होतात. घाईत होतात. कुंपण जमिनीवर पडलेलं होतं, हिरवळ मोकळी होती, आणि त्यावर उभा असलेला एक माणूस तुम्हाला हाताने बोलावत होता. तुम्ही पुढच्या माणसाकडे पाहिलंत आणि त्याच्यामागून वळसा घातलात.