तिऱ्हाईत निशाणाचे गलबत

श्रीसागरदेवता रक्षण करो. लिहिणाराचे नाव पुसू नये, झाले ते ऐकावे. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरी दोन थोर पातशाह्यांत दर्यावर युद्ध जुंपले, आणि मध्ये एक लहान राज्य होते, त्यांणी उभयतांस कळविले की, आम्ही तिऱ्हाईत, कोणाकडून लढत नाही, आमची गलबते पांढऱ्या निशाणाने मीठ-तांदूळ नेतील, त्यांस उपसर्ग न व्हावा; आणि उभयतांनी शपथपूर्वक मान्य केले. ऐसे असता उत्तरेच्या पातशाही आरमाराने त्या लहान राज्याच्या पाग्या तांडेलाचे गलबत भर दर्यात धरिले, निशाण फाडिले आणि खलाशांसुद्धा तांडेल कैद केला. त्या राज्याची परदरबारची पत्रे लिहिणारे निळो महादेव पारसनीस, यांचे अंगाची आग जाहली. मग पंतांनी उत्तरेच्या पातशहास लिहिले, "शपथ मोडिली, माणसे सोडावी." कारभारी घाबरले आणि 'शपथ मोडिली' खोडोन 'किंचित गैरसमज जाहला' ऐसे घातले. उत्तर आले की, चौकशी चालू आहे, स्नेह वाढवावा, सोबत शालजोडी. पुन्हा पत्र, पुन्हा शालजोडी. मग तांडेलाची बायको कचेरीच्या दारी येऊन म्हणाली, "पंत, शाली घेऊन काय करू? माझा घो कधी येनार, तेवढं सांगा." पंतांची मान खाली गेली, आणि मग कोणाची आज्ञा न घेता होडीत बसोन ते थेट आरमाराचे सुभेदारापाशी दाखल जाहले. सुभेदार हसोन बोलिले, "पंत, दर्यावर कोणाची हद्द आखिली आहे?"

पंत बोलिले, "आखिली नाही, म्हणोनच निशाण लाविले. ते आपणास दिसले नाही, की दिसोन फाडिले, इतुकेच सांगावे." दरबारात दुसऱ्या तिऱ्हाईत राज्यांचे वकील बसले होते, ते सर्व सुभेदाराकडे पाहू लागले. मग सुभेदारांनी नाइलाजे खलाशी सोडिले आणि माल ठेवोन घेतला. परंतु तांडेल बंदीत तापाने वारला होता, हे खलाशांनी वाटेत रडत सांगितले. राजधानीस येताच कारभारी बोलिले, "आता आभाराचे पत्र लिहा." पंतांनी लिहिले, "खलाशी पावले. पाग्या तांडेल आपण जिवंत नेला, तो जिवंत पावता करावा." कारभारी खोडू लागले, तो पंतांनी त्यांचा हात धरिला आणि म्हणाले, "हे खोडाल तर दौत-कलम आजच खाली ठेवितो." महाराज जवळच बसले होते. ते म्हणाले, "जाऊ द्या तैसेच." आणि मोर्तब जाहले.

एवंच, पातशहांनी तह केला, मेजवान्या जाहल्या, आणि पंत हयात असेतो दरसाल तेच पत्र त्याच अक्षरांनी पाठवीत गेले. युद्ध दोघांचे, माणूस गेला तिसऱ्याचा. उत्तर अद्याप येणे आहे.