निळ्या द्रावणाचा खुलासा

१९५४ च्या जानेवारीत वरच्या कार्यालयाकडून मला एक पत्र आले. त्याचे उत्तर मी लगेच दिले नाही. पत्रात विचारले होते: "एप्रिलच्या तपासणीत आपल्या प्रयोगशाळेत एक बाटली निळे द्रावण आढळले. डिसेंबरच्या तपासणीत त्या जागी गुलाबी द्रावण आढळले. निळे द्रावण कोठे गेले, याचा खुलासा व्हावा."

खरे उत्तर दोन शब्दांचे होते: थंडी पडली. पण एवढ्या मोठ्या कार्यालयाला एवढे लहान उत्तर पाठवणे मला उद्धटपणाचे वाटले. शिवाय आपण बरोबर आहोत याची खात्री मला कधीच नसते. म्हणून मी पुस्तक पुन्हा उघडले. कोबाल्टच्या त्या द्रावणात गुलाबी कण निळे होत असतात आणि निळे कण गुलाबी. दोन्हीकडची ये-जा सारखी झाली की समतोल. उष्णता वाढली की तो निळ्याकडे झुकतो, थंडीत गुलाबीकडे. मुर्रीच्या आमच्या शाळेचे छप्पर टिनाचे. एप्रिलमध्ये तिथे माणसेही निळी पडतात.

मी वाचत बसलो आणि इकडे प्रयोगशाळेचा शिपाई बिसराम निलंबित झाला. डिसेंबरमध्ये तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याला विचारले होते, "निळं कुठं गेलं?"

"थेच होय साहेब. थंडीनं बदलवलं."

साहेबांनी शेरा लिहिला: "शिपाई थंडी नामक इसमाकडे बोट दाखवतो. सदर इसम हजर नव्हता."

बिसरामची बायको रुख्मा माझ्या ओसरीवर येऊन बसली. "मास्तरजी, तुमी दोन ओळी लिहून द्या ना. कायले घाबरता? पुस्तकात तं लिहून आहे म्हणता."

"पुस्तक जुनं आहे, बाई."

"मंग माझा नवरा काय नवा आहे?"

फेब्रुवारीत साहेब जीपने फेरचौकशीला आले. त्याआधी हेडमास्तर परसरामजी आणि शाळा समितीचे अध्यक्ष खेमराज पाटील चहा घेत बसले होते. "बिसराम आपला माणूस," पाटील म्हणाले, "त्याच्यासाठी मी जान देईन." हेडमास्तरांनी मान डोलावली. तेवढ्यात जीपचा आवाज आला. "तसं पाहिलं," पाटील म्हणाले, "या शिपाई लोकांचा भरोसा नाही." हेडमास्तरांनी तितकीच मान डोलावली.

मी स्पिरिटचा दिवा पेटवून परीक्षानळी धरली. गुलाबी द्रावण निळे झाले. साहेब प्रसन्न झाले.

"वा! माल सापडला. पण मग गुलाबी कुठं आहे?"

मी नळी माठातल्या पाण्यात बुडवली. गुलाबी परत आले.

"आता निळं पुन्हा गायब!"

"साहेब, द्रावण एकच आहे."

"नोंदी दोन आहेत. दोन्ही एका वेळी हजर करा."

मला एक युक्ती सुचली आणि, संकोचाने सांगतो, थोडा आनंदही झाला. द्रावण दोन नळ्यांत अर्धेअर्धे केले. एक तापवली, एक माठात ठेवली. निळे आणि गुलाबी शेजारी शेजारी उभे राहिले. साहेबांनी दोन्ही नळ्या डोळ्यांसमोर धरल्या.

"दोन्ही निम्मीच आहेत. उरलेलं निम्मं निळं आणि उरलेलं निम्मं गुलाबी कुणी नेलं?"

म्हणजे बिसरामच्या नावावर आता एकाऐवजी दोन चोऱ्या झाल्या. महिनाअखेर जबाबदार सह्यांचा लेखी खुलासा टपालात पडला नाही, तर शिपाई नोकरीवरून कायमचा कमी, असा हुकूम देऊन साहेब गेले. जीपची धूळ बसली. पाटील म्हणाले, "बिसराम निर्दोष आहे. मी तं पहिल्यापासून म्हणून राहिलो." हेडमास्तरांनी मान डोलावली.

मी चटकन कागद पुढे केला. "मग सही करता?"

"घाई कशाला?" हेडमास्तर म्हणाले. "साहेबांचा राग निवू द्या."

तेव्हा मला पुस्तकातला तो धडा, वाटते, प्रथमच नीट कळला. द्रावणाला निदान दिवा तरी लागतो.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी एकट्याच्या सहीने लिहिले: "द्रावण एकच आहे. तापले की निळे, निवले की गुलाबी. बिसरामने काहीही चोरलेले नाही." खाली 'असे मला वाटते' लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले.

टपालपेटीपाशी बिसराम उभाच होता. "टाका ना मास्तरजी. काऊन थांबून राहिले?"

"विचार करतोय. आपलं चुकत तर नसेल?"

"थंडी संपून राहिली, मास्तरजी. चार दिवसांनं थे बाटली पुन्हा निळी होईन, मंग गुलाबी चोरल्याचं नवीन पत्र येईन!"

मी पत्र पेटीत टाकले. तुम्ही म्हणाल, यात काय मोठेसे, आम्हीही सही केली असती. केलीच असती. तुम्ही हे सावलीत बसून वाचत आहात, आणि जीप अजून आलेली नाही.