सत्यवानाच्या पोटाचं व्रत

सावंतवाडीच्या डॉक्टरांनी रिपोर्टावर बोट ठेवून सांगितलं, "गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही यांना. आजपासून गहू, रवा, मैदा, पाव, बिस्किट सगळं बंद. आयुष्यभर." तेव्हा सत्यवान पंख्याकडे बघत बसला होता. त्याची बायको आनंदी मात्र मनातल्या मनात देवाला हात जोडून तयारीलाही लागली होती.

तिचं म्हणणं साधं होतं. या घरात आजवर जे काही सोडलं, धरलं, पाळलं, ते तिनेच. संकष्टी तिची, सोमवार तिचे, हरतालिका तिची, आणि त्या सगळ्याचं फळ सत्यवानाला. (सत्यवानाने एकदा एकादशी धरली होती. जेटीवरच्या टपरीत भज्यांचा घाणा पडेपर्यंत ती टिकली.) शिवाय नवऱ्याचं नावच सत्यवान असल्यावर बायकोला अंग काढून घेता येतं होय? घरी येताच तिने देवापुढे पळीभर पाणी सोडलं आणि घोवाच्या पोटासाठी गहू सोडला. स्वतः.

"मगे मी काय करू?" सत्यवानाने भीतभीत विचारलं.

"तुमी काय करूचा नाय. माझ्यार सोडा."

"बरा तर. देवाच्या कामात मी आड येणा नाय," म्हणत त्याने चहात खारी बुडवली.

आनंदीचं व्रत म्हणजे कडक. पोळपाट माळ्यावर गेला, तवा राखेने इतका घासला की त्यात तोंड दिसायला लागलं. तिच्या ताटात घावणे, आंबोळ्या, तांदळाची भाकरी. मग ती चष्मा लावून एकेक पुडा वाचायला बसली. शेवयांत गहू, टोस्टात मैदा, मुंबईच्या भाचीने पाठवलेल्या नानकटाईत तर नुसता मैदाच! असलं काही घरात नको. पण टाकायचं तरी कसं, अन्न ते! मग ते सगळं सत्यवानाच्या पानात जाऊ लागलं. घरातला गहू संपवायचं काम त्याने अगदी मनापासून केलं.

तेवढ्यात शेजारच्या यशोदेकडे सत्यनारायण झाला. आनंदीने शिऱ्याचा द्रोण कपाळाला लावला, डोळे मिटले आणि द्रोण नवऱ्यापुढे धरला.

"माका चलणा नाय. तुमी घेवा."

"दी हय. तुझ्या वाटणीचो मी खातंय. अन्न फुकट जाऊक नको."

आता हा सत्यवान काय करायचा, तर दोस्त समदबरोबर भागीत बोट चालवायचा. मालवणच्या जेटीवरून पर्यटकांना किल्ल्यात नेऊन आणायचं. शिऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, बोट अर्ध्या वाटेवर असताना, त्याने कुणाला काही न सांगता सुकाणू फिरवलं आणि भरलेली बोट परत जेटीला आणली. बोट टेकायच्या आत त्याने उडी मारली आणि तो पळाला. वादळ आलं असं समजून दोन पर्यटकही त्याच्यामागून पळाले. शौचालयाच्या दारापर्यंत पोचल्यावर त्यांना वादळाची खरी दिशा कळली.

असं पुन्हा झालं. मग पुन्हा. आनंदीला वाटलं, आपल्या व्रतात काहीतरी उणं पडतंय. तिने चप्पल सोडली. मग चहातली साखर सोडली. तिचे गुडघे दुखायचे थांबले, ब्लाउज सैल झाले, यशोदा म्हणाली, "गो, तरणी दिसूक लागलंस!" सत्यवानाचं पोट मात्र जिथल्या तिथे.

शेवटी एका संध्याकाळी समद घरी आला. पायरीवरच बसला.

"वैनी, माका बोलूक वायट वाटता. पण सीझन सुरू झालो. ह्येचा पोट असाच रवला तर ह्या वर्षी बोटीर माका दुसरो माणूस बघूचो लागतलो."

आनंदीच्या डोळ्यांत पाणीच आलं. सत्यवानाला बोटीवरून उतरवायचं म्हणजे मासा काढून माळ्यावर ठेवायचा. "समदभाई, देवाशप्पत सांगतंय, गव्हाचो एक कण तोंडात घालूक नाय!"

"कोणी?"

"कोणी म्हणजे? मी! डॉक्टरान सांगल्यापासून!"

समदने मान वळवली. ओसरीवर सत्यवान टोस्ट खात होता. टोस्ट तोंडाशी थांबला.

"वैनी," समद हसू दाबत म्हणाला, "आमच्याकडे रोजो ज्येचो त्येणाच धरूचो लागता. माझ्या वाटणीचो माझी बायल नाझमीन धरी असती तर मी कित्या सुकलो असतंय?"

आनंदीचा चेहरा उतरला. मग तिने अगदी हळू विचारलं, "मगे माझे सोळा सोमवार? हरतालिका?"

समद म्हणाला, "ते देवाचे, वैनी. ते पोचले. ह्या व्रत डॉक्टराचा. ह्या पोटाक पोचूक होया."

तिला ते एकदम पटलं. ती ओसरीवर गेली. "तुमका म्हायत होता?"

"तू इतक्या भक्तीन करी होतंस," सत्यवान म्हणाला, "मोडतो कित्या घालू?"

तिने त्याच्या हातातला टोस्ट काढून घेतला आणि त्याच हातावर पळीभर पाणी घातलं.

बोट आता सरळ जाते आणि सरळ येते. दुसऱ्या माणसाचं नाव समद काढत नाही. सगळं सुरळीत झालं म्हणून आनंदी देवीला नारळ देऊन आली आणि येताना जेटीवरच्या टपरीत शिरली. सत्यवान तिथेच बाकावर डब्यातला थंड घावणा चघळत, शेजारच्याच्या उसळ-पावाकडे बघत बसला होता. आनंदीने गरम उसळ-पाव मागवला आणि त्याच्या बाजूला येऊन बसली.

सत्यवान बघतच राहिला. "गो, तुझा व्रत?"

"सुटला. आता तुमी धरल्यात मां?" आनंदी पावाचा मोठा तुकडा उसळीत बुडवत शांतपणे म्हणाली. "तुमच्या वाटणीचो मी खातंय. अन्न फुकट जाऊक नको."