मुंगसाची बॅटरी आणि बगळ्याचा हायड्रोजन

एका जंगलात, बाळांनो, गाड्यांचा धूर इतका वाढला की वाघमहाराजांना स्वतःचे पट्टे दिसेनात. तेव्हा कुठे त्यांनी फर्मान काढलं. धुराच्या गाड्या बंद! बिनधुराची उत्तम गाडी जो करील, त्याला सोन्याचं कडं.

विसोबा मुंगसाने बॅटरीची गाडी केली. शुभ्रकांत बगळ्याने हायड्रोजनची केली. ही गाडी हायड्रोजनपासून स्वतःच वीज बनवी आणि मागून फक्त पाणी सोडी.

"गळकी आहे," मुंगूस म्हणाला.

"तुझी झोपाळू आहे. चार-चार तास चार्जिंगला पडून असते," बगळा म्हणाला.

"आणि तुझा पंप कुठे आहे? शेजारच्या जंगलात!"

दोघांचं बोलणं बंद झालं. जंगलातही दोन तट पडले. ज्यांच्याकडे साधी ढकलगाडी नव्हती, तेच जास्त भांडले.

परीक्षेचा दिवस ठरला. त्या दिवशी सकाळपासून मुंगसाने मैदानात वीस फेऱ्या मारून टाळ्या घेतल्या. इतक्यात सुईण साळूमावशी वानरीण धावत आली.

"भिंगरी हरिणीचं पोट दुखायला लागलंय. पिल्लू आडवं आहे. घाटावरच्या दवाखान्यात न्यायला हवं!"

मुंगसाने लगेच दार उघडलं. भिंगरीला तिच्या घरून उचलून आत निजवलं, मावशीला शेजारी बसवलं आणि गाडी घाटात घातली. बगळा मागोमाग निघाला. मुंगूस कुठे तरी थांबेल, अशी त्याला आशा होती.

आणि मुंगूस थांबलाच. अर्ध्या घाटात बॅटरी संपली.

"फक्त चार तास," तो पुटपुटला.

"पिल्लाला सांगून बघते," मावशी म्हणाली.

बगळ्याची गाडी शेजारी येऊन उभी राहिली. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली, तो हाच. पण आतून भिंगरी कण्हली, आणि त्याला हसू फुटेना.

"माझ्या गाडीत घ्या तिला."

"आता ती हलायची नाही. ही गाडीच ओढून ने!" मावशी म्हणाली.

बगळ्याने टाकीचा काटा पाहिला. दवाखान्यापर्यंत हायड्रोजन पुरला असता. परत यायला नाही. परत गेलं नाही तर परीक्षा नाही, नि परीक्षा नाही तर कडं नाही.

"काय बघतोयस रे?" मावशी ओरडली.

"काही नाही. बांधा."

मावशीने झाडावरची जाड वेल उपटली. तिने दोन्ही गाड्या जोडल्या. बगळ्याने गाडी चालवली, मुंगसाने उतरून आपली गाडी मागून ढकलली. दवाखान्याच्या दारात पोचायला आणि डॉक्टरीणबाई धावत यायला एकच गाठ पडली. थोड्या वेळाने आतून एक बारीक आवाज आला.

मुंगूस रडला. बगळाही रडला. मग दोघांनी एकमेकांना डबा उघडून जेवू घातलं.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला.

"कडं बगळ्याला द्या," मुंगूस म्हणाला.

"छे, मुंगसाला. तोच आधी निघाला," बगळा म्हणाला.

महाराज गोंधळले. त्यांनी प्रधान कोल्ह्याकडे पाहिलं. कोल्हा काल घाटाकडे फिरकलासुद्धा नव्हता.

"महाराज, एक गाडी बंद पडली, दुसरी परत आली नाही. काम केलं ते वेलीने. आणि वेल सरकारी झाडावरची!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कडं महाराजांनी स्वतःच्याच पंज्यात घातलं. कोल्हा वेलविकास मंत्री झाला. साळूमावशीला सरकारी वेल उपटल्याबद्दल नोटीस गेली. तिने त्या नोटिशीच्या कागदात बाळंतीण भिंगरीसाठी डिंकाचे लाडू बांधून पाठवले.

तात्पर्य : संकटात दोघांनी एकत्र यावे. म्हणजे श्रेय घ्यायला तिसऱ्याला सोपे जाते.