सिस्टर गायकवाडांची अळिंबी

सिस्टर गायकवाडांनी मला पहिली अळिंबी दाखवली, त्याआधी कोपरापर्यंत हात धुवायला लावले. साबण लावून. नखं तपासून. मग तोंडाला मास्क, पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या. "आत बोलायचं नाही, हात लावायचा नाही. पाच मिनिटं." एवढ्या तयारीनं मी माझ्या मुलीलाही पहिल्यांदा पाहिलं नव्हतं.

सिस्टर वाघोलीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. चौतीस वर्षं हॉस्पिटलात नोकरी, शेवटची दहा मेट्रन म्हणून. निवृत्त झाल्यावर माणसं एकतर देवदर्शनाला लागतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत. सिस्टर शेतीत शिरल्या. वाघोलीच्या पुढे त्यांचं गाव आहे. वाटणीत अर्धा एकर आला होता. त्यात थोरले बंधू श्रीपतदादा वर्षानुवर्षं गहू करत होते.

"गहू करायचा बंद," सिस्टरनी जाहीर केलं. "अर्ध्या एकरात गहू लावून मी आणि चिमण्या खाऊ. बाजारात काय न्यायचं?"

त्यांनी अळिंबीसाठी, म्हणजे मशरूमसाठी, पत्र्याची एक शेड घातली. भिजवून गरम पाण्यातून काढलेलं गव्हाचं काड पिशव्यांत भरायचं, त्यात बी सोडायचं आणि पिशव्या अंधारात टांगून ठेवायच्या. तीनेक आठवड्यांत पिशवीच्या भोकांतून पांढऱ्या कानांसारखी अळिंबी बाहेर येते. सगळं गाव बघायला आलं. श्रीपतदादाही आले, दारातूनच बघून म्हणाले, "कुत्र्याच्या छत्र्या! बापानं गहू पिकवला अन् ही उकिरड्यावरचं पिकवतीय."

तेव्हापासून दोन वर्षं बहीण-भाऊ बोलत नव्हते. गंमत म्हणजे सिस्टर काड दादांकडूनच घेत. सगळं बोलणं टेम्पोवाल्यामार्फत. "त्यांना सांगा, काड कोरडं पाहिजे." "त्यांना सांगा, आमचं काड कोरडंच अस्तंय."

शेडमध्ये प्रत्येक पिशवीला नंबर आणि तापमानाचा तक्ता. सकाळ-संध्याकाळ सिस्टर राउंड घेत. एखाद्या पिशवीवर हिरवी बुरशी दिसली की "इन्फेक्शन!" म्हणत ती तडक बाहेर. खराडीचा एक हॉटेलवाला माल घ्यायचा. एकदा तो म्हणाला, "मॅडम, शुक्रवारी नक्की द्याल ना?" सिस्टरनी चष्म्यावरून पाहिलं. "डिलिव्हरीची तारीख डॉक्टरलाही छातीठोक सांगता येत नाही. तुम्ही कोण?" तरी तो परत येई. माल तसा होता.

यंदा मे महिन्यात गावचा ट्रान्सफॉर्मर जळला. पाण्याची मोटर बंद, पंखे बंद. त्या शनिवारी दुपारी मला सिस्टरचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच करडा होता, पण वाक्य अर्ध्यात तुटलं. "शेड छत्तीस डिग्रीवर गेलीय. येता का?"

मी गेलो तेव्हा त्या एकट्याच हातपंपावरून बादल्या आणून भिंतींवरची पोती भिजवत होत्या. दोनशे पिशव्या, आणि पाणी पडतंय तोच वाळतंय. मी चार बादल्यांतच धापा टाकायला लागलो. तेवढ्यात बैलगाडीवर पाण्याचे दोन पिंप लादून श्रीपतदादा आले. पाठीवर फवारणीचा पंप. टेम्पोवाल्यानं खबर पोचवली असावी.

सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या. दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य होतं, "त्या पंपातून औषध मारलंय का कधी?"

"न्हाई. नवा हाय. आत्ताच घेतला."

सिस्टर बाजूला झाल्या. दादांनी मुकाट हात धुतले, मास्क लावला आणि दिवस मावळेपर्यंत छतावर, पोत्यांवर, जमिनीवर पाणी मारत राहिले. वीज आली तेव्हा साठेक पिशव्या गेल्या होत्या. बाकीच्या वाचल्या. सिस्टर थँक्यू म्हणाल्या नाहीत, दादा थांबले नाहीत.

पंधरा दिवसांनी सिस्टर माझ्या गाडीत बसल्या, मांडीवर डबा. "दादाकडे सोडा." वहिनी गेल्यापासून दादा एकटेच हातानं करून खायचे. आम्ही गेलो तेव्हा ते जेवायलाच बसले होते, भाकरी आणि मिरचीचा ठेचा. सिस्टरनी न विचारता ताटात अळिंबीचा रस्सा वाढला आणि शेजारी उभ्या राहून बघत राहिल्या, गोळी गिळेपर्यंत पेशंटवर नजर ठेवतात तशा.

दादांनी घास घेतला. बराच वेळ चावला.

"मटणावानी लागतंय."

"मटणासारखं नाही. अळिंबीसारखं."

दादा हसले. मग त्यांची नजर खाली गेली. सिस्टरचे पाय घोट्यापाशी सुजलेले होते, चपलेचा पट्टा रुतला होता.

"बाये," ते हळूच म्हणाले, "जलमभर दुसऱ्याच्या उशाशी हुबी ऱ्हायलीस. बस की आता."

माझ्या गाडीतली सीट सोडली, तर एवढ्या दिवसांच्या ओळखीत मी सिस्टरना बसलेलं पाहिलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. मग भिंतीला हात टेकून, गुडघे सांभाळत खाली बसल्या. दादांनी आपली भाकरी मोडली आणि अर्धी त्यांच्यापुढे सरकवली.

मी गाडीशी जाऊन थांबलो. घरी निघायला त्या दिवशी आम्हाला बराच उशीर झाला.