सौ. मृणालिनी, फर्स्ट इयर आर्ट्स

मृणालिनीला गालगुंड झालं ते नेमकं कॉलेजचे अर्ज घेण्याच्या शेवटच्या दिवशी. उजवा गाल आदल्या दिवशीच सुजला होता. सकाळी डावाही त्याच्या बरोबरीला आला. आंबेहळदीचा लेप लावून, हनुवटीखालून डोक्यावर फडकं बांधून ती पलंगावर बसली होती. तोंड उघडत नव्हतं, म्हणून रडता रडता ती पाटीवर लिहून दाखवत होती : 'आज पाचपर्यंतच.'

तिचे वडील शरच्चंद्र तळपदे फोर्टातल्या एका विमा कंपनीत हेडक्लार्क होते. मुलीच्या बी.ए. होण्याला त्यांचा विरोध नव्हता. ते फक्त पंधरा दिवस रोज जेवताना पुढे काय होणार ते सांगत होते. त्यांच्या हाताखाली तीन बी.ए. होते आणि त्या तिघांच्या रजेच्या अर्जांवर मॅट्रिक झालेले शरच्चंद्र सही करत. मुलुंड स्टेशनाजवळ टायपिंगचा क्लास होता. सहा महिने तिथे गेलं की नोकरी. त्या दिवशी पाटी वाचून ते म्हणाले की आजार हाही एक प्रकारचा इशाराच असतो, आणि छत्री घेऊन ऑफिसला निघून गेले.

राहिल्या सुहासिनीबाई. कामाचा त्यांना कंटाळा नव्हता, पण काम करता करता त्या मध्येच कुठेतरी जाऊन येत. भाजी निवडताना कधी कधी देठ ताटात राहायचे आणि पानं केरात जायची. मुलीचे डोळे पाहून त्यांनी चांगलं लुगडं नेसलं, सर्टिफिकिटाचं पाकीट आणि फीचे नव्वद रुपये पिशवीत घातले आणि दुपारी दोनला त्या घाटकोपरच्या टेकडीवरच्या नव्या कॉलेजात जाऊन पोचल्या.

भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास होता. बाकांवर व्हार्निश चढत होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी संस्कृत श्लोक म्हणत होतं आणि जिन्यावर चार-पाच मुली वह्या छातीशी धरून उगाचच हसत उभ्या होत्या. रांगेत उभ्या असलेल्या सुहासिनीबाईंना वाटलं, त्या मुलींत आपणही आहोत. आपली वेणी पुढे आली आहे आणि वहीच्या पहिल्या पानावर आपण आपलं नाव तीनदा लिहिलं आहे.

"नाव काय?" खिडकीतून आवाज आला.

"मृणालिनी शरच्चंद्र तळपदे."

खिडकीत काशीराम राणे नावाचे कारकून बसले होते. सकाळपासून त्यांनी दीडशे अर्ज भरून घेतले होते. त्यांनी नाव लिहिलं आणि वर पाहिलं. समोर कुंकू, मंगळसूत्र, डोक्यावरून पदर.

"लग्न झालंय ना?"

"झालंय की. अठरा वर्षं होतील." बाईंचं लक्ष अजून जिन्याकडे होतं.

मुलं किती, तर एक. व्यवसाय काय, तर घरकाम. यजमानांची संमती आहे का, तर बाई म्हणाल्या की ते बोलतात खूप, पण शेवटी नाही म्हणत नाहीत. काशीरामांनी सगळं व्यवस्थित टिपून घेतलं. सर्टिफिकिटावर मात्र ते अडले. जन्मसाल एकोणीसशे सदतीस. त्यांनी बाईंकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं, आणि बोर्डाच्या चुका नेहमी आपणच निस्तरायच्या असं स्वतःशी मालवणीत पुटपुटत अर्जावर एकोणीसशे सतरा लिहिलं. पास झाल्याचं साल मात्र त्यांना बरोबर वाटलं : चौपन्न, म्हणजे यंदाच. टक्के एकसष्ट. काशीराम खुर्चीवरून उठले आणि कागद घेऊन आत गेले.

आतून प्रिन्सिपॉल कोलवणकर स्वतः बाहेर आले. पांढरा कोट, डोळ्यांत पाणी. संसार सांभाळून इतके मार्क, असं ते दोनदा म्हणाले. मुलीबद्दलच बोलणं चाललंय असं समजून बाईंनीही सांगितलं, "हो, स्वयंपाकसुद्धा येतो चांगला." प्रिन्सिपॉलांना हे उत्तर फारच विनयाचं वाटलं. कॉलेजच्या एका देणगीदार शेठाणीबाईंनी संसारी स्त्रीसाठी एक जागा अर्ध्या फीत राखून ठेवली होती आणि तीन आठवडे ती रिकामीच होती. बाईंच्या हातात पावती आणि पंचेचाळीस रुपये परत आले. हुशार मुलींना सवलत असावी, असा अर्थ त्यांनी लावला आणि त्या तरंगत घरी आल्या.

शरच्चंद्रांनी पावती उलटसुलट पाहिली. अर्ध्या फीत बी.ए. होत असेल तर टायपिंग पुढे ढकलायला त्यांची हरकत नव्हती. चार दिवस घरात आनंद होता. मृणालिनीचे गाल उतरले आणि ती बोलू लागली. पाचव्या दिवशी पत्र आलं. ते शरच्चंद्रांच्या नावाचं होतं आणि त्यांनी ते मोठ्यानं वाचायला घेतलं.

"आपल्या सुविद्य पत्नी सौ. मृणालिनीबाई यांनी..." इथे ते थांबले. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा वाचलं. पत्नीला शिकायला प्रोत्साहन देणारे पुरोगामी गृहस्थ म्हणून कॉलेजच्या उद्घाटन समारंभात त्यांचा जोडीनं सत्कार होणार होता.

मग मृणालिनीनं हलकेच विचारलं, "आई, तू तिथे नक्की काय सांगितलंस?"

सुहासिनीबाईंनी आठवून आठवून सांगितलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, हीच पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी शरच्चंद्रांनी अर्धी रजा टाकली आणि तिघं प्रिन्सिपॉलांपुढे जाऊन उभी राहिली. सगळं ऐकून घेताना कोलवणकरांचा चेहरा उतरत गेला. शेठाणीबाईंना कळवून झालं होतं. कार्यक्रमपत्रिका छापून आल्या होत्या. काशीराम दारात उभे राहून सतराचे सदतीस पुन्हा कसे करायचे याचा विचार करत होते. अर्ज रद्द केला तर मुलीला जागा नाही, कारण मुदत संपली होती. नाही केला तर ती सतराव्या वर्षीच अठरा वर्षांपूर्वी लग्न झालेली ठरत होती. मृणालिनीनं वडिलांच्या कोटाची बाही घट्ट धरली.

कोलवणकरांनी कपाळ चोळता चोळता सहज विचारलं, "बाई, तुमचं स्वतःचं शिक्षण किती?"

"मॅट्रिक," सुहासिनीबाई म्हणाल्या. "छत्तीस साली. संस्कृतात पहिली आले होते." हे त्यांनी लग्न झाल्यापासून कुणालाच सांगितलं नव्हतं. शरच्चंद्रांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

प्रिन्सिपॉल ताठ बसले. संसारी स्त्रीची जागा संसारी स्त्रीनंच भरली तर मुलीचा अर्ज पुऱ्या फीत, नजरचुकीची दुरुस्ती म्हणून, त्यांच्या अधिकारात बसत होता. फक्त यजमानांची संमती हवी होती. "तुमच्यासारख्या पुरोगामी गृहस्थांना..." असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं.

शरच्चंद्रांना पुष्कळ बोलायचं होतं. दोन बी.ए. झाल्या तर पुढे काय, हा प्रश्न तर ओठांवरच होता. पण बाहीवर मुलीची मूठ होती, टेबलावर त्यांचं नाव छापलेली पत्रिका होती, आणि बाजूला उभी असलेली बायको खिडकीबाहेर बघत, इतक्या वर्षांत कधी हसली नसेल तशी हसत होती. "घरी दोन वेळचं जेवण वेळेवर व्हावं, इतकंच," ते म्हणाले. हे वाक्य समारंभात शेठाणीबाईंनी भाषणात घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गळ्यातला हार शरच्चंद्रांनी घरापर्यंत काढला नाही.

मृणालिनीनं आईला अटी घातल्या. वर्गात 'बाळ' म्हणायचं नाही, शेजारी बसायचं नाही, डबा उघडून "खाल्लंस का" असं विचारायचं नाही. सुहासिनीबाईंनी सगळ्या पाळल्या. त्या मागच्या बाकावर खिडकीपाशी बसत. आठवड्याभरात मुली त्यांना वहिनी म्हणू लागल्या, आणि महिन्याभरात मृणालिनीच संस्कृतची वही मागायला मागच्या बाकावर जाऊ लागली.

सहामाही संपल्यावर दोघींची प्रगतिपत्रकं टपालानं घरी आली. मृणालिनीचं ठीक होतं. दुसऱ्या पत्रकात संस्कृतला वर्गात दुसरा नंबर होता, पण तर्कशास्त्राच्या तरुण प्राध्यापकांनी लाल शाईनं लिहिलं होतं : 'तासाला लक्ष नसते. खिडकीबाहेर पाहत बसतात. पालकांनी योग्य ती समज द्यावी.' खाली पालकांच्या शेऱ्यासाठी दोन ओळी मोकळ्या होत्या.

शरच्चंद्रांनी पत्रक दोनदा वाचलं. सुहासिनीबाई समोर मान खाली घालून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

"काय असतं गं त्या खिडकीबाहेर?" त्यांनी विचारलं.

"मिठागरं," त्या म्हणाल्या. "अजून पाणी आहे त्यांत. दुपारी सगळं आभाळ खाली उतरलेलं असतं. एक बाई डोक्यावर काहीतरी घेऊन बांधावरून जाते ना, तर ती ढगांतूनच चाललीय असं वाटतं." त्या थांबल्या. "तेवढ्यात तास संपतो."

शरच्चंद्रांनी पत्रक पुन्हा समोर घेतलं. मग त्यांनी दौत पुढे ओढली, टाक बुडवला आणि ऑफिसातल्या वळणदार अक्षरात शेरा लिहिला :

'घरीही हाच अनुभव आहे. तथापि, तक्रार नाही.'

आणि खाली, पालक म्हणून, सही केली.