पेनाइयाच्या विश्रांतीचा शास्त्रशुद्ध अहवाल

शरीराला ताण दिल्याशिवाय ते सुधारत नाही, आणि ताण फार झाला तर सुधारलेलंही बिघडतं, हे आता शास्त्राने सिद्ध केलेलं आहे. सिद्ध होण्यापूर्वीही आमच्या बेटावरच्या वाईलोमा गावात या दोन्ही गोष्टी घडत असत. पण त्या सिद्ध नसल्यामुळे कोणी मनावर घेत नसे.

पेनाइयाचंच घ्या. गावच्या रग्बी संघातला हा सर्वांत वेगवान गडी, वय वर्षे एकतीस. प्रांताच्या संघात जायचं ही त्याची एकच इच्छा. त्यासाठी चार वर्षं निवड चाचणीला गेला आणि चारही वर्षं "पुढच्या वर्षी बघू" एवढं ऐकून परत आला. हे पाचवं वर्ष शेवटचं होतं. (बत्तिशी गाठलेल्या खेळाडूला निवड समिती 'अनुभवी' म्हणते आणि घेत नाही.)

दोष त्याच्या पायांचा नव्हता, संघाला शिकवणाऱ्या ओसेआ मास्तरांच्या पद्धतीचाही नव्हता, कारण ती पद्धत अत्यंत सोपी होती. खेळाडू ताजा दिसला की त्याला वाळूच्या टेकडीवर पळवायचं, आणि दमलेला दिसला की सवय व्हावी म्हणून पुन्हा पळवायचं. खांद्यावर वाळूचं पोतं असे. ते वर नेऊन ओतायचं, खाली येऊन परत भरायचं. एकोणीस वर्षांत या पद्धतीने टेकडी बरीच उंच झाली. चाचणीच्या आठवड्यात हा कार्यक्रम दुप्पट होई, त्यामुळे चाचणीच्या दिवशी पेनाइयाचे पाय लाकडाचे आणि डोकं भुशाचं झालेलं असे. हातातला चेंडू सुटे, पंचांशी भांडण होई. मागच्या वर्षी तर त्याने चेंडू आपल्याच रेषेकडे पळवला. वेग मात्र उत्तम होता, हे समितीनेही मान्य केलं.

अशा वेळी ब्रिस्बेनहून डॉक्टर ब्रॅनिगन आले. ताण आणि विश्रांती हा त्यांचा विषय. त्यांनी संघातल्या चौदा जणांच्या मनगटावर चौदा काळे पट्टे बांधले. पट्टा नाडी मोजणार, झोप मोजणार, चालणं मोजणार आणि रोज पहाटे डॉक्टरांच्या संगणकाला कळवणार की या शरीरात आज किती जीव शिल्लक आहे. मग डॉक्टर रंग कळवणार. हिरवा आला तर टेकडी, पिवळा आला तर हलका व्यायाम, लाल आला तर दिवसभर आडवं पडायचं. रंग मोडणाऱ्याचं नाव चाचणीच्या यादीतून जाणार होतं. नियमावलीतलं सातवं कलम ठळक अक्षरात होतं: पट्टा मनगटावरून क्षणभरही उतरू नये.

हे कलम गावाने शेवटपर्यंत पाळलं. एकही पट्टा क्षणभरही मनगटावाचून राहिला नाही. मनगट कोणाचं असावं, याविषयी कलमात काही म्हटलेलं नव्हतं.

झालं ते असं. पहिल्याच संध्याकाळी पेनाइया वासेमाथा आत्याकडे जेवायला गेला. ही त्याच्या वडिलांची बहीण, वय एकसष्ट. तिने वाढता वाढता पट्टा पाहिला आणि म्हणाली, "छान आहे रे. मला दे."

आता आमच्याकडे मागितलं की द्यायचं, ही रीत आहे, आणि बापाच्या बहिणीने मागितलं तर विचार करायलाही थांबायचं नाही. पेनाइयाने पट्टा काढून तिच्या हातावर बांधला आणि दुसऱ्यांदा उकडलेला कसाव्याचा कंद वाढून घेतला. दिलेली वस्तू परत मागणं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचं नाक कापणं, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. तिसऱ्या दिवसापर्यंत चौदापैकी अकरा पट्ट्यांनी स्थलांतर केलं होतं (आत्या सात, मामा दोन, चर्चच्या गायकांचे प्रमुख एक, सासू एक). उरलेल्या तिघांचे नातेवाईक त्या आठवड्यात गावाबाहेर होते.

डॉक्टरांना हे सांगावं असं कोणालाच वाटलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं, आणि पाहुण्याला विनाकारण दुःख देणं बरं दिसत नाही. ते राहायलाही शहरातल्या हॉटेलात होते.

चौथ्या दिवशी पेनाइयाला लाल रंग आला. पाचव्या दिवशी लाल. सहाव्याही दिवशी लाल. कारण वासेमाथा आत्या पहाटे ओहोटीला जाळं घेऊन समुद्रात शिरे, चार तास कमरेएवढ्या पाण्यात चाले, परत येऊन मासे साफ करी, मग कसाव्याच्या मळ्यात खुरपणी, दुपारी चटई विणणं आणि संध्याकाळी चर्चच्या महिला मंडळाची तयारी. डॉक्टरांनी ओसेआ मास्तरांना कळवलं की हा मुलगा अतिश्रमाने मोडायला आलेला आहे, याला ताबडतोब झोपवा.

पेनाइया निरफणसाच्या झाडाखाली चटई टाकून पडला. पहिले दोन दिवस त्याला लाजेने मरायची वेळ आली. येणारी-जाणारी बायामाणसं म्हणत, "काय रे पेनाइया, बाळंत झालास का? शेक-बिक घेतोयस की नाही?" ओसेआ मास्तर लांबून टेकडीकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने पाहत आणि सुस्कारे सोडत. पण तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तेव्हा पाय त्याचे स्वतःचे होते. इतक्या वर्षांनी भेटल्यामुळे त्याने ते थोडा वेळ हलवून पाहिले.

रविवारी आत्या चर्चमध्ये बसे, भरपेट जेवे आणि झोपे. त्यामुळे सोमवारी पेनाइयाला हिरवा रंग येई आणि तो टेकडीवर वाऱ्यासारखा पळे. मंगळवारपासून पुन्हा लाल. (लाल दिवशीही पट्टा चालणं दाखवी, पण टेकडी बंद आहे असं मास्तरांनी कळवल्यावर डॉक्टरांनी ते घरकाम समजून सोडून दिलं.) हे प्रमाण, डॉक्टरांच्या मते, जगातल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा अचूक होतं. नोंदवहीत त्यांनी लिहिलं: 'हा खेळाडू रविवारी दहा ते बारा बसलेला असूनही नाडी वाढते. बहुधा श्रद्धा.' (आत्या वरच्या पट्टीत गाते.)

मेंदूचीही परीक्षा असे. रोज संध्याकाळी डॉक्टरांनी दिलेल्या छोट्या पडद्यावर ठिपका दिसला की बोट दाबायचं आणि आकडे उलटे म्हणायचे. ही परीक्षा मात्र पेनाइया स्वतः देई, कारण आत्याने पडदा मागितला नव्हता. पहिल्या आठवड्यात शंभरापैकी चौतीस, तिसऱ्यात एकाहत्तर. तो सरावात भांडेनासा झाला. बायकोने सांगितलेल्या चारपैकी चार वस्तू दुकानातून आणू लागला, तेव्हा बायकोला प्रथम संशय आला आणि मग शास्त्रावर विश्वास बसला.

चाचणीला आठ दिवस उरले असताना घात झाला. पाण्यातल्या प्रवाळाने आत्याचा पाय कापला. नर्सने सात टाके घातले आणि चार दिवस पाय जमिनीला लावायचा नाही म्हणून बजावलं. आत्या खाटेवर पडली, शेजारणींनी आणून दिलेलं जेवली आणि चाळीस वर्षांत प्रथमच दुपारी झोपली.

पेनाइयाला हिरवा रंग आला. दुसऱ्या दिवशी अधिक गडद हिरवा. डॉक्टरांनी आनंदाने कळवलं की शरीर पूर्ण भरून आलं आहे, आता सकाळ-संध्याकाळ टेकडी. ओसेआ मास्तरांना तर वनवास संपल्यासारखं झालं. त्यांनी पोतंही काढलं. तिसऱ्या संध्याकाळी पेनाइयाचे पाय पुन्हा लाकडाचे झाले, हातून चेंडू सुटले, परीक्षेत एकोणचाळीस गुण पडले. पाचव्यांदा "पुढच्या वर्षी बघू" ऐकायचं, आणि पुढचं वर्ष तर नव्हतंच. त्याला रडू आलं. डॉक्टरांना खरं सांगावं तर नाव कटणार, न सांगावं तर पाय जाणार.

तो आत्याच्या दारात जाऊन उभा राहिला. ती पाय उशीवर ठेवून पडली होती.

"काय रे, तोंड का असं?"

"आत्या," तो खाली बघत म्हणाला, "जरा उठशील का? मला विश्रांतीची फार गरज आहे."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं, मग मनगटाकडे पाहिलं. ती अडाणी नव्हती. पट्टा काय करतो हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण मागितलं की द्यायचं ही रीत दोन्ही बाजूंनी चालते.

"आलं लक्षात," ती म्हणाली. "माझी काठी दे. आणि तू जाऊन पड."

पायाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ती ओहोटीला गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे लाल रंग आला. पेनाइया झाडाखाली पडला तेव्हा त्याला लांबवर पाण्यात लंगडत चालणारी आत्या दिसत होती. त्याला अतिशय अपराधी वाटलं. हे वाटणं साधारण सात मिनिटं टिकलं, मग गाढ झोप लागली. (या झोपेची नोंद उपलब्ध नाही, कारण पट्टा पाण्यात होता.)

चाचणीत पेनाइयाने तीन वेळा चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला, तिन्ही वेळा योग्य रेषेपलीकडे. पंचांशी तो इतक्या गोडीने बोलला की पंचच अस्वस्थ झाले. संध्याकाळी यादी लागली आणि तिच्यात त्याचं नाव दुसरं होतं. ओसेआ मास्तर त्याला मिठी मारून ढसाढसा रडले आणि हे सगळं टेकडीचं पुण्य आहे म्हणाले.

गावाने मेजवानी केली. डॉक्टर ब्रॅनिगन मानाच्या चटईवर बसले, यांगोना या मुळांच्या पेयाची वाटी दोन्ही हातांनी घेतली, रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवल्या आणि उभं राहून अहवाल वाचला. असं शरीर त्यांनी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. दिवसाला सोळा तास श्रम, तक्रार शून्य, आणि हृदयाचं वय सव्वीस. मग त्यांनी सर्वांसमोर पेनाइयाला विचारलं, "एवढा ताण सोसूनही तुम्ही इतके ताजेतवाने कसे राहता?"

पेनाइया उभा राहिला. खोटं बोलायचं नाही असं त्याने ठरवलेलं होतं.

"मी काहीच केलं नाही, साहेब," तो म्हणाला. "मी पडून होतो. सगळं घरच्या माणसांनी केलं."

या विनयाने डॉक्टरांचे डोळे भरून आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याला त्या ऐकू आल्या नाहीत, कारण ती मागच्या चुलीपाशी दीडशे माणसांचा रस्सा ढवळत होती आणि तिचा रंग लाल होता.

पद्धत आता सिद्ध झालेली आहे आणि डॉक्टर तिच्यावर ग्रंथ लिहीत आहेत. वाचकांना ग्रंथाची वाट पाहण्याचं कारण नाही. प्रयोग पट्ट्याशिवायही होतो. पाय वर घेऊन इथवर वाचताना तुम्हाला जर जराही थकवा जाणवला नसेल, डोकं शांत असेल आणि वासेमाथा आत्याबद्दल हळहळही वाटली असेल, तर तुमच्या घरी तो यशस्वीपणे सुरूच आहे. खात्री करायची असेल तर उठून स्वयंपाकघरात जा आणि तिथे कोण उभं आहे ते बघा. जाताना तो चहाचा कप घेऊन जा. तुम्ही नाही नेलात तरी तो जाणारच आहे, रोज जातो तसा.